मुलीला सांगावे लागते, ते परक्याला का नाही?

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात एक घोडा आहे. कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगून झाल्यावर कायदा करणाऱ्यांनी चार छोटी उदाहरणे जोडली, त्यांतली पहिली तीन या घोड्याची. पहिल्या उदाहरणात एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला पक्के ठाऊक आहे, पण तो तोंड उघडत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्या उदाहरणात घोडा तोच, खोटही तीच. फक्त घेणारी त्या माणसाची मुलगी आहे आणि ती नुकतीच सज्ञान झाली आहे. इथे मात्र कायदा त्याला गप्प बसू देत नाही. खोट सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

दीडशे वर्षे उलटली. कायदा अजून लागू आहे, घोड्याच्या जागी मोटार आली आहे.

बारावी संपते, अठरावे लागते, शिकाऊ लायसन्स हातात पडते आणि घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉलेज गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, एसटीच्या वेळा जुळत नाहीत, दुचाकीवर पाठवायला आईचा जीव धजत नाही. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. शिवाय नवशिक्या हातात कोरी गाडी देऊ नये, असे काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच बजावत असतात. मग सात-आठ वर्षे वापरलेली वॅगनआर, आय टेन किंवा स्विफ्ट शोधायला बाप बाहेर पडतो. गाडी त्याच्या पैशाने येणार, पण चालवणार त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी. विकणाऱ्याच्या दृष्टीने बाप परका. म्हणजे कायद्यातली दोन्ही उदाहरणे एकाच सौद्यात येऊन भिडतात. विकणारा पहिल्या उदाहरणाचा आधार घेऊन गप्प बसू शकतो. पण त्या गप्प बसण्याचे परिणाम दुसऱ्या उदाहरणातल्या मुलीला भोगावे लागतात.

इथून प्रश्न गाड्यांचा राहत नाही, नीतीचा होतो. पोटच्या मुलीला जे सांगावेच लागते, ते परक्याला न सांगण्याची मुभा माणसाला असावी का?

या मुभेची बाजारालाही किंमत मोजावी लागते. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचे. त्याच निबंधाच्या बळावर पुढे २००१ साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. त्याचा युक्तिवाद आपल्या आकड्यांत असा मांडता येईल. चांगल्या गाडीची खरी किंमत चार लाख, खोट असलेलीची दोन लाख. घेणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून तो तीन लाखांवर अडून बसतो. तीन लाखांत चांगली गाडी कोण देईल? तिचा मालक गाडी विकायची सोडून घरीच ठेवतो, फार तर मेहुण्याला देतो. बाजारात खोट असलेल्या गाड्यांचे प्रमाण वाढते, हे घेणाऱ्यांच्या लक्षात येते आणि ते भाव आणखी पाडतात. होता होता प्रामाणिक माणूस बाजारातूनच बाहेर पडतो. अकेरलॉफने हे कुणाला उपदेश करायला लिहिले नव्हते. पण लपवाछपवीचा दंड न लपवणाऱ्यालाही भरावा लागतो, हे त्याने गणिताने दाखवून दिले.

हा वाद फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने अथेन्समध्ये तत्त्वज्ञान शिकणाऱ्या आपल्या विशीतल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. घरापासून दूर राहणाऱ्या तरुण मुलाला बापाने काय सांगावे, याचा तो एक नमुनाच आहे. त्याच्या तिसऱ्या भागात व्यापाऱ्याच्या मौनाचा प्रश्न येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत, हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने माल विकावा? लगेच दुसरे उदाहरण येते ते घराचे. घराचे लाकूड खराब आहे, ते राहायला आरोग्याचे नाही, आणि हे मालकाशिवाय कुणालाच माहीत नाही.

सिसेरो इथे स्टोइक पंथाच्या दोन आचार्यांना समोरासमोर उभे करतो. बॅबिलोनचा डायोजिनस गुरू आणि टार्ससचा अँटिपेटर त्याचा शिष्य. गुरूचे म्हणणे असे, की कायदा जेवढे उघड करायला सांगतो तेवढे करावे, खोटे बोलू नये. त्यापलीकडे न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. घ्यायची सक्ती कुणी केली आहे? जे जे मला माहीत आहे ते ते सांगण्याचे बंधन असेल, तर विकायला काही उरणारच नाही, सगळे फुकटच वाटावे लागेल. शिष्याला हे पटत नाही. माणसे एका समाजाची आहेत, एकाचे हित ते सर्वांचे हित, आणि वाटसरूला वाट न दाखवणे हे पाप असेल तर जाणूनबुजून त्याला चुकीच्या वाटेने जाऊ देणे त्याहून मोठे पाप, असे त्याचे म्हणणे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने पडतो. व्यापाऱ्याने आणि घरमालकाने लपवायला नको होते, असे तो मुलाला स्पष्ट सांगतो.

करार कायद्याच्या त्याच कलमातले चौथे उदाहरण मात्र डायोजिनसच्या बाजूचे आहे. दोन व्यापाऱ्यांचा सौदा चालू आहे. भावातल्या बदलाची खबर एकाला आधी लागली आहे. ती दुसऱ्याला देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ऱ्होड्सचा व्यापारी आपल्या न्यायालयातून सहीसलामत सुटला असता. १९३० च्या माल विक्री कायद्यानेही, काही अपवाद सोडले तर, मालाची पारख करण्याचा भार घेणाऱ्यावरच टाकला आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे थेट उत्तर महाभारताच्या शांतिपर्वात आहे, आणि ते एका दुकानदाराच्या तोंडी आहे. जाजली नावाचा तपस्वी रानात इतका निश्चल उभा राहिला, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिल्ले वाढली आणि उडून गेली. आपल्याला धर्म साधला, या विचाराने तो फुलून गेला. तेव्हा त्याला सांगण्यात आले, की काशीच्या तुलाधाराची सर तुला नाही. जाजली काशीला येऊन पाहतो, तर तुलाधार दुकानात बसून माल विकतो आहे. त्याच्या धर्माचे मर्म साधे आहे. कुणाही जीवाला कमीत कमी इजा होईल असे जगायचे, कपट न करता घ्यायचे, कपट न करता विकायचे आणि तराजू सर्वांसाठी सारखा धरायचा. भीष्म युधिष्ठिराला ही कथा सांगतात तेव्हा तपस्वी दुकानदारासमोर शिष्य होऊन उभा असतो.

सर्वांसाठी सारखा तराजू, एवढ्यावरच कायद्यातला मुलगी आणि परका हा भेद गळून पडतो. इस्लामी परंपरेतली आठवणही याच जातीची आहे. प्रेषित मुहंमद बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात, आतले धान्य ओले लागते. पावसाने भिजले, असे विक्रेता सांगतो. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे ते विचारतात आणि फसवणारा आपला नव्हे, असा निर्वाळा देतात. त्या विक्रेत्याने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. त्याचा दोष एवढाच, की ओले खाली आणि कोरडे वर होते.

तरीही डायोजिनसचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. विकणाऱ्याला तरी सगळे कुठे माहीत असते? गाडी त्याने स्वतः दुसऱ्याकडून घेतलेली असू शकते. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे, आणि सीटवरचा प्रत्येक डाग सांगत बसले तर सौदा व्हायचा नाही. भाव, हौस, रंग, गाडी का विकतो आहे याचे घरगुती कारण, हे सगळे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क विकणाऱ्याला आहे. पण गाडीचे ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांना हा न्याय लावता येत नाही. महाग धान्य घेणाऱ्याचे पैसे गेले, सडके घर घेणाऱ्याचे आरोग्य गेले. जो सौद्याला बसला त्यानेच नुकसान सोसले. गाडीचे तसे नाही. निकामी ब्रेकची किंमत कधी मुलगी मोजते, तर कधी रस्ता ओलांडणारी एखादी आजी, आणि त्या दोघींनाही सौद्यात कुणी बोलावलेले नव्हते. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत जवळपास निम्मे दुचाकीस्वार होते आणि साधारण पाचातला एक पायी चालणारा. घ्यायची सक्ती कुणी केली, हा डायोजिनसचा सवाल त्यांना लागू होत नाही, कारण त्यांनी काही घेतलेच नव्हते.

विकणाऱ्यावर एवढी जबाबदारी टाकल्यावरही बापाची वेगळी उरतेच. त्याला स्वस्त गाडी हवी आहे आणि भरवशाचीही, आणि या दोहोंत ओढाताण होणार हे उघड आहे. पैसा मर्यादित असताना तो कशावर खर्च करायचा, हाही नीतीचाच प्रश्न आहे.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो आणि पोलो, या पाचही गाड्यांना एअरबॅग नसलेल्या रूपात मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्याच पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. नाव एकच, बाहेरून आकारही एकच. नुसत्या मॉडेलच्या नावावर गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पुढे नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले, १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना आणि वेगाचा इशारा. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना जानेवारी २०२२ पासून आली. म्हणून बजेट तेवढेच असताना जुनी मोठी ऐटदार गाडी आणि २०१९ च्या मध्यानंतरची छोटी साधी गाडी यांत निवड करायची असेल, तर नवशिक्या मुलीसाठी दुसरी घ्यावी. म्युझिक सिस्टीम आणि अलॉय व्हील यांचे पैसे चांगल्या टायरांत घालावेत. एअरबॅग आतल्याला वाचवते. टायर, ब्रेक आणि हेडलाइट बाहेरच्यालाही वाचवतात.

आता पारख. गाडी बघायला जाताना सोबत आपला मेकॅनिक न्यावा, आणि तो काय करतो ते जवळून पाहावे. जाणता कारागीर बॉनेटला हात लावण्याआधी चालकाच्या सीटवर बसतो आणि सीट बेल्ट हळूहळू ओढू लागतो. नेहमीच्या वापरात येते तेवढ्यावर तो थांबत नाही. पट्टा पार शेवटापर्यंत बाहेर काढतो. पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग एरवी कधी उजेडात येत नाही. गाडी धुणाऱ्याचे फडके तिथे पोहोचत नाही, सीट कव्हर विकणारा तिथे बघत नाही. गाडी पुरात बुडलेली असेल तर तिथे मातकट रेघ सापडू शकते. मग तो सीट मागे सरकवून खालचे रूळ आणि नटबोल्ट यांच्यावरचा गंज पाहतो, गालिचा उचलून वास घेतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा उभ्या गाड्यांत चिखल भरला होता. त्यांतल्या धुऊनपुसून पुन्हा विकल्या गेलेल्या गाड्यांचा इतिहास रंगावरून कळत नाही.

पुढे तो किल्ली फिरवतो, पण इंजिन सुरू करत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात. त्यांत एअरबॅगचा दिवा आहे. तो काही सेकंद पेटून विझला, तर यंत्रणेने स्वतःला तपासले. पेटलेलाच राहिला तर बिघाड आहे. आणि मुळीच पेटला नाही, तर जास्त सावध व्हावे. आधीच्या अपघातात एअरबॅग फुटली असेल, नवी बसवण्याचा खर्च टाळण्यासाठी दिव्याचीच जोडणी तोडली असेल. खोट सांगणारे एकच तोंड होते, तेही कुणीतरी बंद केले. विकणाऱ्याचे मौन कुठवर जाऊ शकते, ते या न पेटणाऱ्या दिव्यात दिसते.

बाकीच्या गोष्टी झटपट उरकतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार आकड्यांत पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा, पीयूसी आणि थकलेली चलाने ऑनलाइन तपासता येतात.

आणि करार कायद्यातले राहिलेले तिसरे उदाहरण इथे कामाला येते. त्यात घेणारा विकणाऱ्याला म्हणतो, की तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. कायदा म्हणतो, इथे गप्प राहणे म्हणजे बोलणेच होय. या तरतुदीचा बापाने पुरेपूर उपयोग करावा. गाडीला अपघात झाला होता का, ती पाण्यात गेली होती का, एअरबॅग बदलल्या आहेत का, मीटरला हात लागला आहे का, हे चार प्रश्न व्हॉट्सॲपवर लेखी पाठवावेत, आणि गाडी अठरा वर्षांची मुलगी चालवणार आहे हेही लिहावे. बऱ्याच माणसांना खोटे लिहून देणे जड जाते, आणि ज्यांना जात नाही त्यांच्याविरुद्ध पुरावा राहतो. विचारणे हा समोरच्याचा अपमान आहे, ही समजूत सोडून द्यावी. उलट, प्रामाणिक विक्रेत्याला आपला माल वेगळा आहे हे सिद्ध करायची संधी त्यातूनच मिळते.

सौदा झाला, किल्ली घरी आली, की बापाची जागा बदलते. आता तो विकणाऱ्याच्या जागी उभा आहे आणि समोर त्याची मुलगी. गाडीत काय आहे, काय नाही, ते तिला बसवून सांगणे आता त्याच्याकडे आले. पावसात ही गाडी थांबायला किती अंतर घेते, मागच्या टायरांची मुदत कधी संपते, मागच्या सीटवर एअरबॅग नाहीत म्हणून मागे बसणाऱ्या मैत्रिणींनीही पट्टा का लावायचा, हे तिला माहीत हवे. ‘तू काळजी करू नकोस, मी सगळे बघून घेतले आहे’ हे प्रेमाचे वाक्य आहे, पण त्याने मुलगी अज्ञानात राहते. सज्ञान झालेल्या माणसाला माहिती देणे हेच त्याचा मान राखणे आहे. शक्य असेल तर गाडी बघायलाच तिला न्यावे. सीट बेल्ट तिला ओढू द्यावा.

किल्ली कधी द्यायची, हेही त्याच कर्तव्यात येते. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून अपराध घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले, तेव्हा साऱ्या राज्यात याच कलमाची चर्चा झाली. ‘जवळपासच तर चालवतो’ या सबबीला कायद्यात जागा नाही, धर्मातही नसावी.

हे सगळे वाचून ज्यांना गाडी घ्यायची नसून विकायची आहे, त्यांच्याकडे शेवटचे मागणे आहे. आपली जुनी गाडी कुणातरी नवशिक्या मुलाच्या हाती जाणार आहे, असे धरूनच ती विकायला काढा. एका साध्या कागदावर तिचे माहीत असलेले दोष लिहा, तारीख घाला, सही करा आणि सर्व्हिसच्या पावत्यांसह घेणाऱ्याला द्या. दोन-चार हजार कमी मिळाले तर मिळू द्या. मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून काम संपले, असे समजू नका. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्याची माहिती १४ दिवसांत आरटीओला देणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. गाडी विकली तरी नोंदणीत ज्याचे नाव कायम, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून नोंदणीतले नाव बदललेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहीपर्यंत पाठपुरावा सोडू नका.